तीन गुंठ्यांचा प्लॉट सुटला, गावठाणातलं घर झालं: मुरबाडकडचं एक प्रकरण

ऐरोलीत राहणारं एक जोडपं. नवरा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून मुदतीआधी निवृत्त झालेला, पंचावन्नच्या घरातला. बायको घरी ब्लाउज शिवते. मुलगा-सून नोकरीला, आणि सिडको वसाहतीतलं वन रूम किचन चौघांना पुरेनासं झालेलं. मी ठाण्यात मालमत्तेचे कागद तपासून शोध अहवाल तयार करते. हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं २०२३ च्या दिवाळीनंतर आणि दस्त नोंदवला गेला २०२५ च्या दसऱ्यानंतर. त्यांचं नाव आणि गाव सांगत नाही. मी त्यांना दादा-वहिनी म्हणते, इथंही तेच म्हणेन. लिहायला त्यांची परवानगी आहे. उलट वहिनींचाच आग्रह होता, "आमच्यासारखे रविवारी गाडीत बसून प्लॉट बघायला निघालेले पुष्कळ असतात" म्हणून.

दादांना जमीन हवी होती. सिडकोच्या इमारतीखालची जमीन मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची, हे त्यांच्या मनात सलत असे. "फ्लॅट आपला, पण खालची माती आपली नाही," असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते. वहिनींचं मागणं साधं होतं: पाणी, दवाखाना, शिवणाची गिऱ्हाइकं आणि मुलाकडे जायला एसटी. हाताशी भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तीचे मिळून ३० लाखांच्या आसपास. ऐरोलीचं घर विकायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तोच सर्वात शहाणा निर्णय. ते घर विकलं असतं तर घाई झाली असती, आणि गावाकडच्या व्यवहारात घाई करणाऱ्याकडूनच जास्तीचे पैसे निघतात.

मुरबाडच का? बदलापुरात आता टॉवर उभे आहेत, कर्जतचा भाव फार्महाउसवाल्यांनी वर नेला. शहापूरला आसनगाव स्टेशन जवळ, शिवाय समृद्धी महामार्ग तालुक्यातून जाणार म्हणून तिथले दर आधीच चढलेले. मुरबाड कल्याणपासून तीसेक किलोमीटर, रेल्वे नाही. रेल्वे नाही म्हणून ते अजून भाताचं गाव राहिलं, आणि रेल्वे येणार म्हणून तिथले प्लॉट विकले जातात. कल्याण-मुरबाड मार्गाची चर्चा कित्येक वर्षांची आहे आणि प्रत्येक एजंटाच्या नकाशावर तो मार्ग लाल रेघेनं काढलेला असतोच.

शहापूरची जमीन

तरी पहिली फेरी शहापूरलाच झाली. ती लगेच संपली. सातबाऱ्यावर खातेदार आदिवासी होता. शहापूर तालुका सगळाच अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाडची काही गावंही. पण आदिवासी खातेदाराची जमीन कुठेही असली तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६अ लागू होतात: बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेनं. एजंट म्हणाला, "खरेदी नको, नव्व्याण्णव वर्षांचा करार करू." कलम ३६अ मध्ये भाडेपट्टाही येतो. दोन ओळीत उत्तर देऊन मी ती फाइल परत केली.

तीन गुंठे

दुसरा प्रस्ताव मात्र नीट मांडलेला होता. मुरबाडच्या पुढे सरळगावच्या बाजूला, राष्ट्रीय महामार्ग ६१ सोडून आत गेलं की एक कमान, कमानीवर इंग्रजी नाव, आत चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे ठेंगणे खांब. कंपनीची गाडी ठाण्याहून रविवारी नेते, दुपारी गावठी कोंबडी आणि तांदळाची भाकरी, संध्याकाळी टोकन. गुंठ्याला साडेतीन लाख. तीन गुंठे, म्हणजे ३,२६७ चौरस फूट. ऐरोलीच्या हिशेबानं फुकटच. दादांनी टोकनचे २५ हजार देऊन टाकले आणि मग कागद घेऊन माझ्याकडे आले. हा क्रम बहुतेकांचा असाच असतो.

कागदांत एक रंगीत नकाशा होता, त्याच्यावर कुठल्याही अधिकाऱ्याची सही नाही. आणि एक सातबारा. तो जरा सावकाश वाचू, कारण सगळं त्यातच होतं.

क्षेत्र ०.८८.४० हेक्टर-आर, म्हणजे साधारण ८७ गुंठे. भूधारणा पद्धती भोगवटादार वर्ग १, म्हणजे एरवी विकायला सरकारी परवानगी लागत नाही अशी, हे एजंटानं पिवळ्या पेननं रंगवून ठेवलं होतं. खातेदार नऊ, त्यातलं एक नाव कंसात, म्हणजे कमी झालेलं. ज्या फेरफारानं ते कमी झालं तो काढून पाहिला तर तीन बहिणींपैकी एकीनं हक्क सोडलेला. पण बाकीच्या दोघींचं काय, याचा पत्ता नाही. इतर अधिकाराच्या रकान्यात दोन नोंदी: सेवा सोसायटीचा पीककर्जाचा बोजा आणि "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र". ही दुसरी नोंद म्हणजे जमीन कधीतरी कुळाला कायद्यानं मिळालेली. अशी जमीन पूर्वी परवानगीशिवाय विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम ३२म च्या, म्हणजे कुळाच्या खरेदीच्या, प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट रक्कम भरून विकता येते. तो भरणा केल्याची पावती कुठं आहे, असं विचारलं. "होऊन जाईल." खाली गाव नमुना बारात पीक: भात, खरीप. बिनशेतीचा आदेश नाही, अर्जाची पोचसुद्धा नाही. कंपनीच्या पत्रकावर मात्र "एनए प्रपोज्ड", म्हणजे बिनशेती प्रस्तावित, असं छापलेलं. अशी कुठली पायरी महसूल खात्यात नाही. आदेश असतो किंवा नसतो.

मग तीन गुंठे विकणार कसे? तुकडेबंदीच्या कायद्याप्रमाणे ऑगस्ट २०२३ पासून जिरायत जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे धरलं जातं, त्याहून लहान तुकड्याची खरेदी सरळ नोंदवता येत नाही. यावर बाजारात जी वाट काढलेली आहे तीच इथंही होती. सात गिऱ्हाइकं एकत्र करायची, सात त्रिक एकवीस गुंठ्यांचं एक खरेदीखत सगळ्यांच्या नावे करायचं, आणि कोणाचे तीन गुंठे कुठले हे नोटरी केलेल्या स्टँप पेपरवर आपसांत लिहून घ्यायचं. सातबाऱ्यावर सात अनोळखी माणसांची नावं सामाईक लागतात. पुढं यातला एक वारला की त्याचे वारस, दुसऱ्याचा घटस्फोट झाला की तो वाद, तिसऱ्यानं आपला हिस्सा गहाण ठेवला की ती नोंद, सगळं एकाच उताऱ्यावर. ज्या सामाईक सातबाऱ्याच्या भांडणातून बाहेर पडायला मूळ खातेदार जमीन विकायला निघाले होते, त्यातच हे सात जण पैसे मोजून शिरणार होते.

बांधकामाचं विचारलं तर "शेतघर चालतं". रस्त्याचं विचारलं तर "रस्ता आहेच की". रस्ता होता, पण तो शेजारच्या गटातल्या बांधावरून. वहिवाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे, नवा रस्ता मागायचा तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे. दोन्ही शेतीला जाण्यासाठी. चोवीस बंगल्यांच्या गाड्यांसाठी शेजारचा शेतकरी बांध का देईल?

आणि सगळ्यात आधीची अट: शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी पाहिजे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८, कलम ६३. एजंटानं तेही सोपं करून ठेवलं होतं, "दाखल्याचं आम्ही बघतो." असा "बघितलेला" दाखला उघडा पडला की व्यवहार अवैध ठरतो आणि कलम ८४क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते. दाखला करून देणारा तोवर दुसऱ्या जिल्ह्यात प्लॉट विकत असतो.

टोकनचे पैसे परत आले नाहीत. दादांनी कंपनीच्या ऑफिसात चकरा मारल्या, शेवटी सोडून दिलं.

पाटणची नोंद

खरं म्हणजे दादा शेतकरीच होते, कागदावर नव्हते इतकंच. पाटण तालुक्यात वडिलांची थोडी जमीन, वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, वारस नोंद कुणीच केलेली नाही. गावी धाकटा भाऊ कसतो, बहीण सासरी. मी म्हटलं, मुरबाड राहू दे, आधी हे करून घ्या.

अर्ज साधा असतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, अर्ज किंवा ई-हक्कवरून ऑनलाइन. वारस नोंदवहीत, म्हणजे नमुना ६क मध्ये, नाव चढतं, फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. पण बहिणीच्या घरी नोटीस गेली आणि तिच्या मुलानं फोन केला, "मामा, इतकी वर्षं नाही आणि आत्ताच का?" मुंबईकडचा भाऊ नाव लावतोय म्हणजे हिस्सा विकणार, असा त्यांचा समज. धाकट्या भावालाही तेच वाटलं. दादा वहिनींना घेऊन गावी गेले, तिथं राहिले, हिस्सा विकायचा नाही असं तिघांसमोर बोलले, आणि बहिणीचंही नाव लावून घेतलं. तेव्हा गाठ सुटली. ऐरोलीहून फोनवर ती सुटली नसती.

नोंद झाली, दादा आठ-अच्या, म्हणजे तलाठ्याकडच्या खात्याच्या, उताऱ्यावर आले, शेतजमीन घ्यायला पात्र झाले. गंमत अशी की त्यांनी शेवटी शेतजमीन घेतलीच नाही.

भाड्याचं वर्ष

हे सुचवलं वहिनींनी. "विकत घ्यायच्या आधी भाड्यानं राहून बघू. ब्लाउजचं कापडसुद्धा मी हातात धरल्याशिवाय घेत नाही." २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला त्यांनी मुरबाडमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भाडं ऐरोलीच्या मानानं किरकोळ. मला हा सल्ला लोकांना द्यायला आवडतो, पण घेणारे थोडे. भाड्याला दिलेला पैसा वाया गेला असं त्यांना वाटतं.

पहिला महिना उकाड्याचा. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही पहाटे. शहापूर-मुरबाडच्या माणसाला पाण्याबद्दल विचारलं की तो आधी हसतो. मुंबईला पाणी देणारी तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. इकडे बारवीचं पाणी एमआयडीसीला आणि शहरांना. पाऊस वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो, पण खाली काळा पाषाण. पाणी मुरत नाही, वाहून जातं. म्हणून "बोअर आहे" या वाक्याला अर्थ नाही. बोअरला वैशाखात किती पाणी असतं, ते विचारायचं, आणि विकणाऱ्याला विचारायचं नाही, शेजारणीला विचारायचं. वहिनींनी त्या महिन्यात पाहायला मिळेल त्या प्रत्येक विहिरीत डोकावून घेतलं. एका टेकडीलगतच्या बंगल्यावर दादांचा जीव होता. त्याची विहीर तळाला गेलेली, कडेला हंडे रांगेत. तो बंगला तिथंच यादीतून गेला.

मग पाऊस. रोपं उपटून लावणी सुरू झाली की गावात बोलायला माणूस मिळत नाही. तलाठी, वायरमन, गवंडी, सगळे आपापल्या शेतात. दादांना एका घराचा उतारा हवा होता, तो लावणी उरकेपर्यंत मिळाला नाही. वीज रात्र-रात्र जाई. उल्हास नदी फुगली की रायत्याचा पूल बंद होतो आणि कल्याणची वाट तुटते. तसं झालं, आणि नेमका त्याच दिवशी सुनेला डॉक्टरकडे न्यायचं होतं, मुलगा एकटा होता. वहिनी म्हणतात की त्या दिवशी त्यांना कळलं, तीस किलोमीटर हे अंतर बारा महिने तीस किलोमीटर नसतं. मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, ताप-खोकला, बाळंतपण होतं. त्यापुढचं काही असेल तर उल्हासनगर किंवा कल्याण. दादांना मधुमेह आहे, तेव्हा हा मुद्दा त्यांच्या वयाला बारीक नाही.

दसऱ्यापासून दिवस पालटतात. भात पिवळं पडतं, कापणी, भारे, झोडणी. पेंढ्याचे ट्रक तबेल्यांकडे निघतात. दादा या दिवसांत फार खूश होते, आणि सगळे प्लॉटवाले गिऱ्हाइकांना नेमके याच दिवसांत फिरवतात, हे मी त्यांना ऐकवलं.

दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागल्या. महामार्गाजवळ एक नवं रो-हाउस त्यांना बरं वाटलं होतं, बँक कर्जही द्यायला तयार होती. पावसाळ्यात पाहिलं तेव्हा मागं नुसतं हिरवं माळरान. मार्गशीर्षात गेले तर त्या माळावर कातकरी कुटुंबांच्या झोपड्या, थापलेल्या कच्च्या विटांच्या रांगा आणि दोन भट्ट्या. भट्टीत भाताचा तूस जळतो. त्याची राख वाऱ्यावर येते. वहिनींनी पर्समधला पांढऱ्या अस्तराचा तुकडा गच्चीच्या कठड्यावर पसरला, खाली जाऊन घरमालकाशी बोलून आल्या आणि उचलला तर त्यावर काळे बारीक ठिपके. झटकले तर पुसट रेघा उठल्या. "मी इथं गिऱ्हाइकाचं कापड वाळत कसं घालू?" विषय संपला. भट्टी मृगापर्यंत चालते, म्हणजे वर्षातले सहा-सात महिने. घर पाहायला येणाऱ्याला ती पावसाळ्यात दिसत नाही.

पौषात म्हसाची जत्रा भरली. दादा बैलबाजार बघायला गेले आणि तिथं चहाच्या टपरीवर एका माणसाशी ओळख होऊन त्यांना घर कळलं. जाहिरातीतून कळलेलं एकही घर शेवटपर्यंत टिकलं नव्हतं. वहिनींना तोवर शिवणाची गिऱ्हाइकं मिळाली होती, त्यातल्याच एकीची मावशी त्या गावात निघाली. तिच्याकडून विकणाऱ्या घराचं चार पिढ्यांचं आलं-गेलं समजलं. हा शोध अहवाल माझ्या अहवालाच्या आधी तयार होता, आणि सांगायला हरकत नाही, काही बाबतीत जास्त पक्का.

घर

मुरबाडपासून रिक्षानं वीस मिनिटांवरचं गाव. गावठाणातलं जुनं घर: ओटी, माजघर, स्वयंपाकघर, वर माळा, मंगळुरी कौलं, मागे परस, परसात फणस आणि दोन आंबे. सामाईक विहीर, वैशाखातही पाणी. भाड्याच्या वर्षात तोही महिना पाहून झाला होता. राहणारी एक सत्तरीची आजी. दोन मुलगे डोंबिवलीला, मुलगी भिवंडीकडच्या गावात दिलेली. आजींचं म्हणणं, "पोरं येत न्हाईत, कौलं चाळायला माणूस मिळत न्हाई. मी कोनासाठी राखू?"

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. त्यामुळे शेतकरी असण्याची अट नाही, तुकडेबंदी नाही, बिनशेतीचा प्रश्न नाही. हे एवढे फायदे असूनही शहरातली माणसं गावठाणाकडे वळत नाहीत, कारण तिथं कमान नसते आणि शेजारी चिकटून असतात. कागदाची बाजू मात्र वेगळीच किचकट. ग्रामपंचायत जो नमुना ८ चा उतारा देते, ज्याला लोक असेसमेंट उतारा म्हणतात, तो घरपट्टीचा. त्यावर नाव आहे म्हणजे मालकी आहे असं नाही. तलाठ्याच्या आठ-अशी तर त्याचा संबंधच नाही. नाव सारखं वाटतं म्हणून गोंधळ होतो. बँका अशा घराला कर्ज द्यायला नाखूश असतात, इथंही दोन बँकांनी नकार दिला. म्हणून घर रोखीच्या ऐपतीत बसणारंच पाहिजे होतं.

या गावात स्वामित्व योजनेखाली ड्रोनची मोजणी झालेली होती. २०२० पासून देशभर चाललेली ही योजना. गावठाणातल्या प्रत्येक घराची हद्द आखून मिळकत पत्रिका आणि सनद देतात. इथली मिळकत पत्रिका काढली तर तीन गोष्टी दिसल्या. नाव एकट्या थोरल्या मुलाचं. क्षेत्र आजी सांगत होत्या त्यापेक्षा कमी. आणि नकाशावर परसाची मागची रेघ सरळ न जाता एका ठिकाणी आत वळलेली. जागेवर जाऊन पाहिलं तर तिथं आजींच्या चुलत दिराचा गोठा. गोठा जुना, भिंत कुडाची होती ती मागच्या काही वर्षांत विटांची झाली, आणि होताना तीन-चार फूट पुढे सरकली. मोजणी करणाऱ्यांनी जे दिसलं ते आखलं. हरकतीची मुदत होती तेव्हा आजींना कोणी सांगितलं नाही आणि मुलगे डोंबिवलीत.

मी दादांना दोन अटी घालायला लावल्या. किंमत मिळकत पत्रिकेवरच्या क्षेत्राची ठरेल, सांगितलेल्या नाही. आणि विक्रेते म्हणून आजी, दोन्ही मुलगे आणि मुलगी, चौघांच्या सह्या खरेदीखतावर हव्यात. पत्रिकेवर नाव एकाचं असलं तरी घर आजोबांकडून आलेलं, वारस चौघे.

इथं थोरला अडला. "तिचं लग्नात झालंय. हक्कसोड करून घेतो तिच्याकडून." हक्कसोडपत्र कायदेशीर असतं, करून घेता आलंही असतं. पण ते करून घेताना मुलीला नेमकं काय सांगितलं जाणार, हे मला अशा प्रकरणांतून पुरेसं माहीत आहे. बोलणी आजींच्या ओटीवर चालली होती. मुलगी दाराशी, पदर खांद्यावरून, बोलत नव्हती. वहिनींनी तिला विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला काय वाटायचं. आमचा थोरला दादा देईल तेवढं." मग थोडं थांबून, "बाबांच्या आजारपणात मी दोन वर्षं इथंच होते." आजी इतका वेळ तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि थोरल्याला म्हणाल्या, "चार भाग कर." पुढं त्यावर कोणी बोललं नाही.

पैसे आणि नोंदणी

मागणी २४ लाखांची होती, क्षेत्र कमी निघाल्यावर २२ वर आलं. धाकट्या मुलानं सहा लाख रोख मागितले. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २६९एसएस प्रमाणे स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारता येत नाही आणि तेवढाच दंड घेणाऱ्याला होतो. "दंड घेणाऱ्याला" हे कळल्यावर तो विषय त्यानंच मिटवला. चौघांच्या चार खात्यांत साडेपाच-साडेपाच लाख गेले.

घर वहिनींच्या एकटीच्या नावे घेतलं. महिलेच्या नावे राहतं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत २०२१ पासून आहे, आणि ग्रामपंचायत हद्दीत मुळातच शुल्क महापालिका हद्दीपेक्षा कमी. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार, इथं २२ हजार. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरतक्त्याची किंमत, यांतल्या जास्त रकमेवर बसतं, इथं कराराचीच जास्त होती. जाहीर नोटीस दिली, हरकत आली नाही. तीस वर्षांचा शोध घेतला, जुन्या दस्तांत काही सापडलं नाही. गावठाणातल्या जुन्या घराचं बरंचसं नोंदणीपर्यंत कधी पोहोचलेलंच नसतं, म्हणून मी शेजारच्या दोन घरमालकांचे जबाब आणि जुन्या घरपट्टीच्या पावत्या फाइलला जोडल्या.

दुरुस्तीनं मात्र अंदाज मोडला. आढ्याचा एक वासा पोखरलेला निघाला, तो काढताना दुसरा. संडास बाहेर परसात होता, तो आत घेतला. विजेची सगळी वायर नवी. सात लाख गेले आणि माळ्याचं काम अजून बाकी आहे. तरीही एकूण आकडा ३० लाखांच्या आतबाहेर. तीन गुंठ्यांचा प्लॉट साडेदहा लाखांचा होता हे खरं, पण त्यावर घर बांधता आलं नसतं.

व्यवहार झाल्यावर तो जुना एजंट पुन्हा फोनवर आला. २०२५ मध्ये सरकारनं तुकडेबंदी सैल केली, आता तुमचे तीन गुंठे सरळ तुमच्या नावे, म्हणे. सवलत आहे, पण ती नगरपालिका-नगरपंचायतींच्या हद्दीतल्या, विकास आराखड्यात रहिवासी वगैरे वापराला दिलेल्या आणि गावठाणालगतच्या जमिनींना. त्याची जमीन शेती विभागातली, गावठाणापासून लांब. दादांनी हे त्याला स्वतःच समजावून सांगितलं आणि वर टोकनचे २५ हजार मागितले. फोन कट झाला.

सध्या

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला वहिनींचं नाव लागलं आहे. मिळकत पत्रिकेवरची नोंद भूमि अभिलेखकडे प्रलंबित आहे, त्रुटी एकच निघाली, आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं आडनाव वेगळं लिहिलेलं, त्याचं शपथपत्र दिलंय. वहिनींकडे गावातून शिवण येतं, ऐरोलीच्या तिप्पट वेळ आणि निम्मा दर. दादा महिन्यातून एकदा साखर तपासायला कल्याणला जातात. पावसाळ्याचे दोन महिने दोघं ऐरोलीला राहायचं म्हणतात, मुलाकडे पाळणा हलणार आहे.

गोठ्याचं राहिलंय. चुलत दीर भांडखोर नाही. त्यानं आपणहून सांगितलं की परसाच्या दुसऱ्या टोकाला त्याची एक चिंचोळी पट्टी पडून आहे, ती घ्या आणि गोठ्याखालची मला राहू द्या. मी म्हटलं, उत्तम, पण अदलाबदलीचा दस्त करून नोंदवा, तोंडी नको. तो म्हणतो, "वाल निघू द्या, मग बसू." दादा तेवढ्यात त्या पट्टीवर कुंपणाचे खांब उतरवून बसले होते. दस्त नोंदवल्याशिवाय एकही खड्डा खणायचा नाही, असं वहिनींनी त्यांना बजावलंय.